‘आईला सांगू नकोस हं!’

वाचकाचं पत्र

काकू, नमस्कार.

मी ३३ वर्षांचा, सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरीला. बायको बँकेत. मुलगा पाच वर्षांचा, केजी-टूला. घर सुदामा नगरात, आई आमच्याजवळच असते. मला शनिवार-रविवार सुट्टी, बायकोला मात्र शनिवारांपैकी दुसरा आणि चौथाच. त्यामुळे पहिल्या-तिसऱ्या शनिवारी मी आणि चिरंजीव, दोघेच. आम्ही खूप भटकतो. सिरपूरच्या तळ्यावर पक्षी बघतो. पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्याला तो ‘छत्री वाळवणारा काका’ म्हणतो. चिडियाघरला जातो. कधी रात्री आइस्क्रीम आणायला म्हणून निघतो आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊ-बाजारात भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाऊन येतो. बायको उगाच काळजी करते, म्हणून तिला सगळं सांगत नाही. मुलालाही सांगून ठेवलंय, ‘ही आपली मेन्स टीम, आईला सांगायचं नाही.’

जुलैच्या पहिल्या शनिवारी चिडियाघरला जातो सांगून आम्ही स्कूटरवर पाताळपाणीच्या धबधब्यावर गेलो. तो खडकावर घसरला, गुडघा फुटला. घरी सांगितलं, झोपाळ्यावरून पडला. पुढच्या आठवड्यात डोकं धुताना त्यानं आईला सगळं सांगून टाकलं. बायको ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘आता शनिवारी त्याला आईंजवळ ठेव.’ तेव्हापासून कामापुरतं बोलणं. आई म्हणते, ‘एवढं काय झालं? आमच्याकडची पोरं विहिरीत उड्या मारायची.’ मुलाला थोडं धाडस हवं, हे बायकोला कसं पटवू? आणि आमचे शनिवार परत कसे मिळवू?

— एक वैतागलेला बाप, इंदूर

उत्तर

काकू म्हणालास, म्हणून मीही सरळ अरे-तुरेवर येते.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी बायको धाडसाच्या विरुद्ध आहे असं त्यात कुठे सापडतं का, ते शोधत होते. सापडलं नाही. सिरपूरला तिनं नको म्हटलेलं नाही, सराफ्यालाही नाही. पाताळपाणीबद्दल तर तिला कुणी विचारलंच नाही. तिचा नकार तू मनाशीच धरून चाललास आणि तो चुकवायला पाच वर्षांच्या पोराला हाताशी धरलंस. तेव्हा तिला काय पटवायचं, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. पटवायचं काही असलं तर ते तुलाच.

तुमचे शनिवार वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. ‘छत्री वाळवणारा काका’ वाचून मी एकटीच हसत बसले. पाणकावळ्याच्या पिसांत पाणी मुरतं, बदकासारखं वरच्या वर निथळून जात नाही. म्हणून त्या बिचाऱ्याला बुडी मारून झाली की काठावर पंख पसरून बसावं लागतं. म्हणजे पोराचं बघणं अगदी बरोबर आहे! सिरपूरचं तळं २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, तरी धार रोडवरून रोज जाणाऱ्या माणसांना ‘तिकडे काय ठेवलंय’ असं म्हणताना मी ऐकलंय. तू मुलाला तिथं नेतोस, तासभर उभा राहतोस, तो काय म्हणतो ते लक्षात ठेवतोस. मुलाला मोबाइल देऊन आपण दुसऱ्या मोबाइलवर बसणारे बाप मी सोसायटीत रोज बघते. तू त्यांतला नाहीस.

पण ही ‘मेन्स टीम’ खेळते कुणाविरुद्ध? घरात उरल्या दोन बायका. त्यातली आजी तुझ्या बाजूची. राहिली कोण?

गंमत म्हणून बोललास, हे मला कळतं. तरी तुझं ते वाक्य पोराच्या बाजूनं बघ. दुपारी त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली. एवढं पाणी, एवढा आवाज, वर पडणं, रक्त! त्या वयाचं मूल असं काही घेऊन घरी येतं ते आईला सांगण्यासाठीच. चपला काढायच्या आधी त्याचं तोंड सुरू होतं. तुझ्या मुलानं ते सगळं पोटात ठेवलं. आई गुडघ्याला मलम लावताना ‘कुठल्या झोपाळ्यावरून पडलास रे?’ म्हणाली असेल, आणि त्यानं तुझ्या तोंडाकडे बघितलं असेल. शेवटी डोळे मिटलेले, साबणाचा फेस, डोक्यावर आईचा हात, अशात ते बाहेर आलंच. पोर फितूर झालं नाही. एवढं ओझं ठेवायला जागाच नसते त्या वयात.

आता जरा कठोर बोलते. शाळेत हल्ली केजीपासून ‘गुड टच, बॅड टच’ शिकवतात. त्यात मुलांना पहिल्यांदा काय सांगतात, ठाऊक आहे? कुणीही मोठा माणूस ‘घरी सांगू नकोस’ म्हणाला की लगेच घरी येऊन सांगायचं. मग तो माणूस कितीही ओळखीचा असो, कितीही लाड करणारा असो. मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीतलीच असतात आणि त्यांचं हत्यार हेच वाक्य असतं, तेही असंच हसत, खाऊ देत बोललेलं. उद्या देव न करो, पण असं कुणी भेटलं, तर तुझ्या मुलाला त्यात वावगं काय वाटणार? बाबाही असंच म्हणतात! आईच्या वाढदिवसाचा केक संध्याकाळपर्यंत लपवणं निराळं. तो संध्याकाळी आईपुढेच यायचा असतो.

गुडघ्याचंही ऐक. झोपाळ्यावरून पडून खरचटणं आणि ओढ्याच्या चिखलात खडकावर फुटणं यात फरक आहे. डॉक्टर पहिल्यांदा ‘कुठे पडला’ हेच विचारतात, कारण मातीतल्या जखमेला धनुर्वाताचा विचार करावा लागतो. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, धनुर्वाताची लस त्यातच येते. तुझ्या मुलाचा झालाय का? लसीकरणाचं कार्ड कुठल्या कपाटात आहे, हे तुला ठाऊक नसेल तर आज शोध. नशिबानं गुडघ्यावर निभावलं. डोक्याला लागलं असतं आणि रात्री पोरगं ओकायला लागलं असतं, तर ‘झोपाळा’ धरून बसलेली आई डॉक्टरला काय सांगणार होती?

बायको ओरडली नाही, याचं तुला बरं वाटलं असावं, असं पत्रावरून वाटतं. मला तीच गोष्ट काळजीची वाटली. चिडलेलं माणूस भांडतं. ती शांतपणे म्हणाली, आईंजवळ ठेव. म्हणजे तुझ्या बोलण्यावर विसंबायचं तिनं सोडलं. आणि यात नुसता राग नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. पहिल्या-तिसऱ्या शनिवारी ती काउंटरवर बसलेली असते, पासबुकं आणि केवायसी करत. तिच्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा धबधबा पाहिला. फोटो नाही, फोन नाही, संध्याकाळी चहाबरोबर गोष्टही नाही. तिला ते कळलं न्हाणीघरात, आणि तेही चोरून केलेल्या कामाचा कबुलीजबाब म्हणून. तू तिच्यापासून काळजी लपवलीस असं तू समजतोस. तिच्या वाट्याची मजाही त्यातच गेली.

आता तुझ्या आईच्या विहिरीबद्दल. आजीबाईंचं म्हणणं खोटं नाही. पोरं विहिरीत उड्या मारायची, मीही पाहिलंय. पण पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधलेला असायचा, काठावर कुणीतरी काका दोर धरून उभा असायचा, आणि कोण कुठल्या विहिरीवर गेलंय हे अख्ख्या वाड्याला ठाऊक असायचं. उशीर झाला की एखादी आजी काठी टेकत बघायला निघायची. त्या विहिरी चोरून नव्हत्या! चोरून गेलेल्याला घरी काय मिळायचं, हेही आईला विचारून बघ एकदा. आणि मुख्य म्हणजे आईला या प्रकरणात तुझी वकील करू नकोस. सासूनं मुलाची बाजू घेतली की मूळ गोष्ट राहते बाजूला, आणि घरात जुने सगळे हिशेब निघतात. ‘आई, मी खोटं बोललो होतो, तू यात पडू नकोस,’ एवढं तू तिला बायकोच्या देखत सांगितलंस तर निम्मं काम होईल.

पाताळपाणीबद्दल दोन शब्द वेगळे, कारण पावसाळ्यात हे सदर वाचणारे बरेच बाप तिकडे निघण्याच्या बेतात असतील. सुमारे तीनशे फुटांचा तो कडा बघण्यासारखाच आहे, आणि कठड्याशी उभं राहून तो दिसतोही छान. खडकांवर उतरायचं कारण नाही. तिथं पाणी वाढतं ते वर, मागे कुठेतरी पडलेल्या पावसानं. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असतं, त्यामुळे काही कळतच नाही. २०११ च्या जुलैत तिथंच पाण्यात उभी असलेली एका कुटुंबातली माणसं अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. त्याचे व्हिडिओ तेव्हा घरोघर पाहिले गेले होते. तूही पाहिला असशील, शाळा-कॉलेजात असशील तेव्हा. तिथं पोराला घेऊन खडकावर उतरलास कसा, हे मला विचारावंसं वाटतं.

आणि स्कूटर! सुदामा नगरातून पाताळपाणी म्हणजे जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर, महूपर्यंत ट्रकांची वर्दळ. मुलगा पुढे उभा होता ना? तू लिहिलं नाहीस, पण आपल्याकडे पाच वर्षांचं पोर स्कूटरवर कुठे असतं हे सांगायला नको. आरशाच्या दांड्या धरून, बाबाच्या दोन हातांच्या मध्ये, हनुवटी हँडलच्या बरोबर वर. करकचून ब्रेक लागला की पहिलं तोंड आपटतं ते त्याचं. चार वर्षांवरच्या प्रत्येक स्वाराला कायद्यानं हेल्मेट लागतं, मागे बसणाऱ्यालाही. त्याहून लहान मुलांसाठी २०२२ साली नियम आला. मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या वरच्या बाळाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० च्या आत. राजवाड्यापासून पलासियापर्यंत एकदा नजर टाक, किती जण पाळताना दिसतात ते! पण सगळे चुकतात म्हणून आपलं पोर काही कमी आपटत नाही.

आता काय करायचं ते. बायकोच्या आधी मुलाशी बोल, आणि ते आजच. कारण घरात काय झालं ते त्यानं पाहिलंय. त्यानं सांगितलं आणि घर गप्प झालं. आई बाबांशी बोलत नाही, शनिवारचं फिरणं बंद. त्याच्या डोक्यात याचा अर्थ एकच होतो, की सांगितलं म्हणून बिघडलं. हे तसंच राहिलं तर पुढच्या वेळी तो खरंच सांगणार नाही, तुलाही नाही. त्याला जवळ घे आणि आई ऐकत असताना सांग, ‘मी तुला सांगू नको म्हणालो, ते माझं चुकलं. तू सांगितलंस ते चांगलं केलंस. आईला काहीही सांगायचं, कधीही.’ एवढंच. ‘पण आई ओरडते म्हणून मी’ वगैरे शेपूट लावू नकोस. मुलं शेपूटच लक्षात ठेवतात.

बायकोशी बोलताना धाडस, निसर्ग, ‘मुलगा मर्द व्हायला हवा’ हे काही काढू नकोस. मर्द तर मुळीच नको. ती बँकेतून आल्या-आल्या नको, आणि रात्री दिवा मालवल्यावर तिच्या पाठीला उद्देशूनही नको. रविवारी सकाळी आई मुलाला घेऊन देवळात गेली की पोहे तू कर, आणि समोर बसून सगळं सांग. पाताळपाणी तिला ठाऊक झालंय. न ठाऊक झालेलंही सांग, सराफ्याच्या रात्री आणि आणखी जे काही असेल ते. एकदाच, सगळं. पुढच्या महिन्यात पोराच्या तोंडून अजून एक गोष्ट निघाली तर मग मला पत्र लिहू नकोस. ती चिडेल, कदाचित आत्ता पहिल्यांदाच मनासारखी चिडेल. चिडू दे. घड्याळ बघू नकोस आणि ‘एवढं काय’ म्हणू नकोस. त्या बैठकीत शनिवार मागायचे नाहीत. मागितलेस तर सगळं सांगणं सौद्यासारखं दिसेल.

मधले काही शनिवार घरीच जातील. जाऊ देत. त्या वेळात नखं, केस, दाताचा डॉक्टर, शाळेची वह्यांची कव्हरं हे तुझ्याकडे घे, बायकोनं यादी न देता. मुलाला बरोबर घेऊन हेल्मेट आण. त्याच्या मापाचं, आयएसआय खुणेचं, डोकं हलवलं तरी न फिरणारं. ‘मोठा झाला की होईल’ म्हणून एक नंबर मोठं घ्यायची आपली सवय कपड्यांपुरती ठेव.

मग कधीतरी शुक्रवारी रात्री, जेवताना, सगळ्यांसमोर बेत मांड. कुठे, कशानं, कधी परत. ती नको म्हणाली तर का नको ते ऐक. बरेचदा तिचा नकार पूर्ण नसतो, वेळेपुरता असतो. सराफ्याचंच घे. सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन ओटे लागेपर्यंत रात्र होते. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. सकाळी शाळेची व्हॅन असताना अकराला कीस खाऊन आलेलं पोर दुसऱ्या दिवशी कोण उठवतं? तू की ती? दिवाळीच्या सुट्टीत तिघं जा, आजींनाही न्या, थंडीत तळलेले गराडूही (एक कंद) मिळतील. काही ठिकाणी ती ठाम नाही म्हणेल, तेव्हा नाहीच. तुझंही एखादं नाही असेलच की! काही ठिकाणी ती तुझ्यापुढे दोन पावलं निघाली तर आश्चर्य मानू नकोस. आमच्या ओळखीत नवरा झाडाखाली ‘सांभाळ, सांभाळ’ करत उभा आणि बायको पोराला वरची फांदी दाखवते आहे, अशी घरं आहेत.

पुन्हा धबधबा बघायचाच असेल तर दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी, तिची सुट्टी असताना, पाताळपाणी ते कालाकुंड ती छोटी हेरिटेज गाडी असते तिनं जा. मीटरगेजची, डिसेंबर २०१८ पासूनची. घाट उतरते, बोगद्यांतून जाते, धबधबा डब्यातून दिसतो आणि पाय कोरडे राहतात. पावसाळ्यात सहसा शनिवार-रविवारी धावते. वेळा बदलत असतात, म्हणून आधी बघून तिकीट काढून ठेव. बोगद्यात शिरताना पोराला सांगायला गोष्टही आहे. हा रेल्वेमार्ग व्हावा म्हणून आपल्या तुकोजीराव होळकरांनी, दुसऱ्या तुकोजीरावांनी, इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजानं एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. इंग्रजांनाच कर्ज! आणि पहिलं इंजिन इंदूरला हत्तींनी ओढत आणलं, असं सांगतात. पोराला कर्जात रस नसेल, हत्तीत असेल. कर्जाचं बायकोला सांग, ती बँकेतली आहे. कदाचित कागदपत्रं कुणी तपासली होती, असं विचारेल.

— काकू

ता. क. : कालाकुंड स्टेशनवर पानात बांधलेला कलाकंद मिळतो. उन्हाचा तो फार टिकत नाही. तू घरी राहिलेल्या आजींसाठी नेणार असशील तर झाकणाचा स्टीलचा डबा बरोबर ठेव, आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये टाक.